विजेची उपकरणे न वापरता वाद्यवृंदातून प्रतिध्वनी कसा उभा करतात?

प्रतिध्वनी आणि निनाद केवळ स्वरलेखनातून उभे करणारी एखादी आधुनिक रचना आहे का, असे आपण विचारले आहे. मी एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पेर्त यांची ‘कांतुस’ ऐकण्यास सुचवेन. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन डिसेंबर १९७६ मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ पुढच्या वर्षी ती रचली गेली. तिला लागतात फक्त व्हायोलिनसारखी गजाची वाद्ये आणि ‘ए’ स्वराची एक घंटा.

‘ए’ हा षड्ज मानला, तर स्वर आपल्या आसावरी थाटाचे, म्हणजे ग, ध, नि कोमल असलेले आहेत. पहिली व्हायोलिने वरच्या षड्जापासून उतरू लागतात: आधी नुसता सा, मग सा नि, मग सा नि ध, अशी दर खेपेस एक पायरी अधिक खाली. दुसरी व्हायोलिने तोच अवरोह एक सप्तक खालून, निम्म्या गतीने वाजवतात, व्हायोलिनहून थोडी मोठी व्हायोला त्याच्याही निम्म्या गतीने, आणि असे करत सर्वांत खालच्या स्वरांचे डबल बास पहिल्या व्हायोलिनांच्या सोळापट संथ चालतात. डोंगर आपली हाक त्याच लयीत परत करतो. येथे मात्र हाक जितकी खोल जाते तितकी जड होते, आणि वरचा अवरोह तोवर कितीतरी पुढे गेलेला असल्यामुळे सगळे एकमेकांत मिसळून त्याचा निनाद होतो.

खरी गंमत शेवटी आहे. एकेक गट आपल्या अखेरच्या स्वरावर येऊन थांबतो आणि सा, कोमल ग, प यांचा तो भरीव नाद पूर्ण जोराने लांबवला जातो. त्यातच घंटेवर एक हलका टोला पडतो, जो कोणालाही ऐकू येत नाही. मग गज उचलले जातात, मागे घंटेची आस उरते आणि तिच्यात शुद्ध गांधार ऐकू येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ज्यांच्या कानात बसलेला आहे, त्यांना तो चटकन ओळखता येईल. अर्थात हे घंटेवरही अवलंबून असते, कारण चर्चच्या ओतीव घंटांमध्ये बहुधा कोमल गांधारच ठळक असतो.

मोबाईलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. मी प्रथम तसेच ऐकले, आणि गज थांबताच रचना संपली असे समजून बंद करून टाकले.