दाराखालचा उजेड

"मॅडम, रात्री एकला पाणी प्यायला उठलो की त्याच्या दाराखाली उजेड असतोय. दार वाजवलो की उजेड बंद. बोलणं मात्र काहीच नाही." (आमच्या बेळगावात बायकाही 'उठलो'च म्हणतात.)

माझ्याकडे समुपदेशनाला आलेली नववीतल्या मुलाची ही आई. पुण्यातल्या भाचीनं सांगितलं म्हणून तिनं 'अ‍ॅडोलेसन्स' बघितली होती. मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही चार भागांची ब्रिटिश मालिका. तेरा वर्षांच्या जेमीला वर्गातल्या मुलीच्या खुनासाठी पोलीस घरातून उचलून नेतात. बाप प्लंबर, घर चारचौघांसारखं. शेवटच्या भागात आई-बाप रडत बोलतात, पोरगा आपल्या खोलीत होता, आम्हाला वाटलं तिथं तो सुरक्षित आहे. त्या आईलाही मध्यरात्री खोलीतला उजेड दिसायचा.

"आमचंपण पोर तसंच निघायचं काय?" असं विचारताना तिचा आवाज फुटला. नवऱ्यानं तर मोबाइल काढून घ्यायचा आणि दाराची कडी उखडायची असं ठरवूनच टाकलं होतं.

हीच भीती घेऊन खानापूर, निपाणीकडूनही पालक येतात. दार लावून बसलं म्हणून पोर गुन्हेगार होत नाही, हे मी आधी सांगते. या वयात आपलं म्हणून एक दार हवंच असतं. झोप उडणं, जेवण तुटणं, मित्र गळणं, शाळा चुकवणं, मुलींबद्दल तिरस्कारानं बोलणं यांकडे मात्र माझं लक्ष असतं. अंगावर स्वतः केलेल्या जखमा दिसल्या किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर माझ्या पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.

या मुलाच्या बाबतीत झोप आणि मित्र, या दोन गोष्टी बिघडल्या होत्या.

मालिकेतली मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. जेमी फुटबॉलमध्ये कच्चा. तो चुकला की कडेला उभा असलेला बाप नजर वळवायचा. हा बाप वाईट नाही. स्वतःच्या बापाचा मार खाल्लेला, पोरावर हात उगारायचा नाही असं ठरवलेला माणूस. तरी पोराला ती वळलेली नजर दिसलीच. मी या मुलाच्या आई-वडिलांना विचारलं, "तुमच्याकडं असं कधी झालंय?"

वडील खाली बघत राहिले. आईनं सांगितलं. पोरगा सातवीपर्यंत मराठी शाळेत, मग इंग्रजी माध्यमात. कन्नडमध्ये शंभरात अकरा. पालकसभेत ते मार्क सगळ्यांसमोर वाचले गेले, तेव्हा वडिलांनी खिशातून मोबाइल काढला आणि खिडकीकडे तोंड केलं.

पुढच्या वेळी मुलगा एकटा आला. अर्धा तास बोटांची कातडी सोलत बसला. मग म्हणाला, "पप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही." वर्गातल्या पोरांनी ग्रुपवर त्याला 'अकरा' हे नाव ठेवलं होतं. रात्री एकला तो तेच वाचत जागा असायचा.

मालिकेतल्या पोलीस अधिकाऱ्याला पोरांच्या इमोजींचा अर्थ कळत नाही. त्याचा स्वतःचा मुलगा त्याला समजावतो. वडिलांना मी तेच करायला सांगितलं, मोबाइल झडती घेण्यासाठी मागू नका, पोराजवळ बसा आणि यातलं मला समजावून सांग म्हणा. कडी राहू दे. रात्री साडेदहानंतर घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, त्यात पप्पांचाही. आणि त्या पालकसभेबद्दल त्याची माफी मागा.

माफीवर वडील अडले. उद्यमबागेत त्यांचं मशीन शॉप आहे. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मॅडम, कामगारांशी दिवसभर कन्नड बोलतोय मी. वाचायला एक अक्षर येत नाही. ऑफिसचं पत्र आलं की सुपरवायझरला देतोय. त्या दिवशी लाज माझी मलाच वाटली हो."

"हे त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग तेच सांगा त्याला."

तीन आठवड्यांनी आई आली. ग्रुपमधून मुलगा स्वतःहून बाहेर पडला होता, उजेड अधूनमधून अजून दिसत होता. आणि रविवारी वडिलांनी विजेचं कन्नड बिल त्याच्यापुढे ठेवलं होतं, "वाच बघू, मला येत नाही." तो बोट ठेवून वाचत गेला. एका जोडाक्षरावर अडला. वडिलांनाही ते कळेना. शेवटी दोघं बिल घेऊन शेजारच्या अक्कांचं दार वाजवायला गेले.