वाचकांच्या शंका : माती, धूळ आणि त्यांतले अदृश्य रहिवासी

प्रश्न : शाळेच्या बागेतली माती पाण्यात कालवून मुलांनी आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या खाद्याच्या, बश्यांमध्ये पसरली, तेव्हा जेमतेम सात-आठ प्रकारच्या वसाहती वाढल्या. पुस्तकात मात्र चिमूटभर मातीत हजारो प्रकारचे जिवाणू असतात असे लिहिले आहे. मग बाकीचे गेले कोठे? आणि ते दिसतच नसतील, तर ते आहेत हे कळले कसे?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : बाकीचे जिवाणू त्याच बशीत होते, पण वाढले नाहीत. आगरमध्ये आपण जे अन्न देतो ते बहुतेक मृदाजिवाणूंच्या रोजच्या आहाराच्या मानाने फारच समृद्ध असते. काहींना प्राणवायू सोसत नाही, काहींना शेजारच्या जिवाणूने तयार केलेली द्रव्ये लागतात, तर काही इतके संथ वाढतात की वसाहत दिसू लागण्याआधीच आपण बशी टाकून देतो. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या पेशी आणि बशीत उगवलेल्या वसाहती यांच्यात प्रचंड तफावत पडते, हे जुन्या पिढीतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनाही ठाऊक होते. मातीच्या बाबतीत उगवणाऱ्यांचे प्रमाण अनेकदा शंभरात एकाहूनही कमी भरते. तेव्हा मुलांचा प्रयोग फसलेला नाही. त्यांना जे दिसले तेच दीडशे वर्षे शास्त्रज्ञांना दिसत आले आहे.

या अडचणीवर पहिला मोठा उपाय नॉर्वेत सापडला. विग्डिस टॉर्सविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलातल्या मातीतून जिवाणूंचा डीएनए थेट वेगळा काढला, उष्णता देऊन त्याचे दोन्ही धागे सुटे केले आणि ते पुन्हा जुळायला किती वेळ लागतो हे मोजले. जत्रेत हात सुटलेल्या जोडीदाराला शोधायला गर्दी जितकी मोठी तितका वेळ अधिक लागतो, तसेच डीएनएच्या धाग्यांचेही आहे. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्या मातीत सुमारे 4,000 वेगवेगळ्या जनुकसंचांइतकी विविधता होती, आणि त्याच मातीतून बशीत वाढवलेल्या जिवाणूंच्या विविधतेच्या ती जवळजवळ दोनशे पट होती.

मात्र या पद्धतीने गर्दी किती हे कळले, तरी गर्दीत कोण आहे हे कळत नव्हते. त्यासाठी अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूझ यांनी रूढ केलेला मार्ग उपयोगी पडला. प्रत्येक जिवाणूत प्रथिने बनवणारा रायबोसोम असतो, आणि त्याच्या एका घटकाचे ‘16एस’ नावाचे जनुक सुमारे 1,500 अक्षरांचे असते. त्याचे काही भाग जवळजवळ सर्व जिवाणूंत सारखे, तर काही भाग गटागणिक वेगळे असतात. याच जनुकाने घडवलेल्या रेणूंची तुलना करून 1977 साली वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी जिवाणूंसारख्याच दिसणाऱ्या आर्किया या सजीवांचा स्वतंत्र गट ओळखला. आज आपण सारख्या भागांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, वापरून पीसीआरने मधल्या बदलत्या भागाच्या असंख्य प्रती काढतो, त्यांतली साधारण अडीचशे अक्षरे यंत्राने वाचतो आणि ज्ञात जिवाणूंच्या नोंदींशी ताडून पाहतो. या पीसीआरसाठी लागणारे उष्णता सोसणारे विकरही (एन्झाइम) मुळात अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या एका जिवाणूकडूनच मिळाले आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

प्रत्यक्षात सर्वांत अवघड काम यंत्राचे नसून मातीचे असते. पाव ग्रॅम माती बारीक मण्यांसह जोराने हलवून पेशी फोडाव्या लागतात. हे काम अर्धवट झाले तर जाड भिंतीचे जिवाणू अहवालातून गळतात. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यापासून बनलेली तपकिरी ह्युमिक आम्ले डीएनएबरोबर येतात आणि पीसीआरचे विकर निकामी करतात. आपल्याकडच्या काळ्या चिकण मातीचे कण तर डीएनएला स्वतःलाच धरून ठेवतात. म्हणून दोन मातींची तुलना करताना दोन्हींवर अगदी एकच कृती झाली होती का, हा प्रश्न मी नेहमी आधी विचारतो.

हे सांभाळून केलेल्या कामातून मिळालेले ज्ञान मात्र थक्क करणारे आहे. नोआ फिअरर आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी उत्तर व दक्षिण अमेरिकेतील 98 मातींचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध केला. विविधता तापमानावर किंवा अक्षांशावर अवलंबून असेल अशी अनेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात ती सर्वाधिक जुळली ती मातीच्या सामूशी, म्हणजे आम्ल-विम्लतेच्या मापाशी (पीएच). उदासीन सामूच्या मातीत सर्वाधिक विविधता आढळली, आणि आपल्या डोळ्यांना हिरवीगार समृद्धी दिसते त्या पेरूमधील ॲमेझॉनच्या जंगलातील आम्लधर्मी मातीत सर्वांत कमी. कोकणातली आम्लधर्मी जांभा माती आणि देशावरची विम्लधर्मी काळी माती शेजारी ठेवून विचार करणाऱ्याला हा निष्कर्ष विशेष मोलाचा वाटावा.

प्रश्न : घरातील धुळीची डीएनए तपासणी करून घेतल्यास घर आरोग्यदायी आहे की नाही हे कळेल का? आमच्या घरी कुत्रा आहे आणि नातवाला दम्याचा त्रास आहे.
— एक आजोबा, पुणे

उत्तर : नातवाच्या दम्यासंबंधी डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा, धुळीच्या अहवालावरून औषधात किंवा घरात काही बदल करू नये. अशा तपासणीतून घरात कोण राहते हे मात्र चांगले कळते. अमेरिकेत सुमारे 1,200 घरांतील लोकांनी स्वतःच दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवरची धूळ गोळा करून पाठवली होती, कारण तेथे झाडलोट क्वचित होते आणि हवेतले जे खाली बसते ते साचून राहते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की घरातली बुरशी मुख्यतः बाहेरून, त्या भूभागातून येते. जिवाणू मात्र घरातल्या माणसांनुसार आणि पाळीव प्राण्यांनुसार बदलतात, आणि कुत्र्याचा ठसा त्यात स्पष्ट उमटतो.

धुळीत जिवाणू अधिक म्हणजे घर वाईट, असेही समीकरण नाही. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या शेतकरी समाजांच्या मुलांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. पारंपरिक पद्धतीने, गोठ्याच्या निकट राहणाऱ्या आमिश मुलांत दम्याचे प्रमाण यांत्रिक शेती करणाऱ्या हटराइटांच्या मुलांपेक्षा बरेच कमी होते, आणि त्यांच्या घरांतील धुळीत जिवाणूंच्या भित्तिकेतील एका घटकाचे प्रमाण जवळजवळ सातपट होते. यावरून शहरातल्या घरात धूळ साठू द्यावी असा अर्थ कृपया काढू नये. गोठ्यातली धूळ आणि रस्त्यावरची धूळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

अहवाल हातात पडलाच, तर तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. डीएनए मेलेल्या पेशींचाही टिकून राहतो. 2016 सालच्या एका अभ्यासात मातीतील सरासरी 40 टक्के डीएनए असा मृत पेशींचा किंवा पेशीबाहेर पडलेला निघाला. तो वगळण्यासाठी फुटलेल्या पेशींतच शिरणारे एक रंगद्रव्य वापरावे लागते. दुसरे असे, की अहवालात टक्केवारी असते, संख्या नसते. एका गटाचा वाटा वाढलेला दिसतो तेव्हा तो गट वाढला असेल किंवा बाकीचे घटले असतील. शिवाय काही जिवाणूंत 16एस जनुकाची एकच प्रत, तर ई. कोलायमध्ये सात प्रती असतात, त्यामुळे वाटाही फुगतो. तिसरी गोष्ट धुळीसाठी फार महत्त्वाची आहे. धुळीचा नमुना अत्यल्प असतो, आणि प्रयोगशाळेतील रसायनांतही जिवाणूंच्या डीएनएचे अंश असतात. ज्या तपासणीत धूळ न घालता, केवळ रसायनांचा कोरा नमुनाही सोबत वाचलेला नाही, तिच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम हे मुळांवर गाठी करणारे जिवाणूखत चोळून पेरणी केली. ते शेतात रुजले की नाही हे डीएनए तपासणीतून कळेल का?
— एक शेतकरी, लातूर

उत्तर : 16एसच्या तपासणीतून कळणार नाही. तिच्यातून फार तर जिवाणूचा गट कळतो. आपण चोळलेला वाण आणि शेतातला जुना वाण यांतला फरक तिला सहसा दिसत नाही, आणि गाठी बनवणारी जनुके तर ती वाचतच नाही. त्यापेक्षा पीक फुलोऱ्याला आले की चार-पाच ठिकाणची झाडे न उपटता खुरप्याने मातीसकट काढावीत, मुळे पाण्यात हलकेच धुवावीत आणि मुख्य मुळावरच्या गाठी ब्लेडने कापून पाहाव्यात. आतून गुलाबी-लालसर असलेली गाठ नत्र स्थिर करत आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती काम करत नाही.