बोटीवर फ्लेअरऐवजी दिवाळीची रॉकेटं का चालत नाहीत

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या एकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. काकांच्या बोटीवरच्या फ्लेअरची (संकटात मदत मागायला पेटवायच्या इशाऱ्याची) मुदत संपली आहे, तर नवे येईपर्यंत दिवाळीची चार रॉकेटं ठेवली तर चालतील का? आणि फ्लेअर लालच का असतो? पहिल्याचं उत्तर ‘नाही’. का नाही, ते दुसऱ्या प्रश्नाच्या इतिहासात आहे.

आतषबाजीत पूर्वी मुख्यतः सोरा, गंधक, कोळसा आणि लोखंडाचा कीस असायचा, त्यामुळे उजेड बहुतेक पिवळट-पांढराच पडायचा. १७८० च्या दशकात फ्रान्समध्ये बर्थोलेने पोटॅशियम क्लोरेट तयार केलं आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत गडद रंग शक्य झाले: स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा. निळा मात्र आजही दारूकाम करणाऱ्यांची परीक्षा बघतो. निळा रंग देणारं तांब्याचं क्लोराइड जास्त तापलं की तुटतं. ज्योत तापवावी तर रंग उडतो, थंड ठेवावी तर उजेड पडत नाही.

याच निळ्यापाशी मार्था कोस्टन अडकल्या. त्यांचे पती बेंजामिन अमेरिकन नौदलासाठी प्रयोग करायचे. १८४८ मध्ये ते वारले तेव्हा रात्रीच्या सिग्नलची अर्धवट टिपणं मागे राहिली. मार्थाबाईंनी रसायनतज्ज्ञ गाठून दहाएक वर्षं त्यावर काम करवून घेतलं. पांढरा आणि लाल जमले, पण मैलभरावरून ओळखू येईल असा निळा काही जमेना. १८५८ मध्ये अटलांटिकखालून टाकलेल्या टेलिग्राफ तारेच्या आनंदात न्यूयॉर्कला आतषबाजी झाली. ती पाहून त्यांनी आतषबाजीवाल्यांशी पत्रव्यवहार केला आणि शेवटी निळ्याच्या जागी हिरवा घेतला. १८५९ च्या पेटंटवर शोधक म्हणून नाव दिवंगत पतीचं, बाईंचं फक्त मालमत्तेच्या व्यवस्थापक म्हणून. १८६१ मध्ये अमेरिकन सरकारने ते २०,००० डॉलरना घेतलं. स्वतःच्या नावाचं पेटंट त्यांना १८७१ मध्ये मिळालं. तीन रंगांच्या क्रमातून आकडे आणि संदेश कळवता येत, हे या पद्धतीचं खरं मोल. १८७७ च्या सुमारास त्याच नौदलातल्या एडवर्ड व्हेरीने रंगीत तारा (रंगीत उजेडाने जळणारी गोळी) काडतुसात भरून पिस्तुलातून उडवायची सोय केली. आजही त्याला व्हेरी पिस्तूल म्हणतात.

पण रंग मिळाले तसा गोंधळही वाढला. बंदरात वाट दाखवणारा पायलट हवा असला की जहाजं दर १५ मिनिटांनी ‘ब्लू लाइट’ पेटवायची. जहाज कंपन्यांचे ओळखीचे रंगीत इशारे वेगळेच. आणि संकटाचा नियम काय होता? रॉकेटं ठराविक थोड्या अंतराने एकेक सोडायची, तारे कुठल्याही रंगाचे चालतील! १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिकने पांढरी रॉकेटं सोडली. जवळपासच्या कॅलिफोर्नियन जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी ८ रॉकेटं पाहिली, कप्तानाला कळवलंही, आणि कप्तानाने विचारलं ते हेच की हे कंपनीचे इशारे आहेत का. उजेड दिसला होता. अर्थ लागला नव्हता.

म्हणून आजच्या आंतरराष्ट्रीय नियमात फ्लेअर आणि धुराच्या इशाऱ्यांसाठी रात्री लाल आणि दिवसा नारिंगी धूर, एवढंच. आता दिवाळीचं रॉकेट यापुढे ठेवा. त्याचा तारा दोन-तीन सेकंदांत विझतो, रंग पाकिटात निघेल तो, आणि काडी तिरकी बसली की ते पाण्यात. खाऱ्या हवेत पुठ्ठ्याची नळी सादळते. त्यातून दिवाळीच्या आठवड्यात वाशी-बेलापूरच्या आभाळात तशी शेकडो उडत असतात. तुमचं कोण ओळखणार?

मोठ्या जहाजांना लागू असलेल्या सोलास (समुद्रातल्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय) नियमांप्रमाणे पॅराशूट रॉकेट, म्हणजे वर जाऊन छत्रीने सावकाश उतरणारा फ्लेअर, किमान ३०० मीटर उंच जायला हवं, ३०,००० कँडेला (उजेडाचं माप) तेजाने किमान ४० सेकंद जळायला हवं आणि सेकंदाला ५ मीटरहून वेगाने खाली येता कामा नये. हँड फ्लेअर, म्हणजे हातात धरून पेटवायचा, किमान १ मिनिट, १५,००० कँडेला, आणि १० सेकंद पाण्याखाली धरला तरी जळत राहायला हवा. तरंगता धूर किमान ३ मिनिटं. धुराची गंमत अशी की त्यात रंग जळत नाही. मंद आचेवर रंगद्रव्याची वाफ होते आणि ती हवेत थिजून नारिंगी ढग दिसतो. आच वाढली की रंग करपून धूर मळकट होतो. प्री-वेडिंगच्या फोटोंसाठी मिळणारे स्वस्त धूरकांड्यांनाही बोटीवर जागा नाही.

वापरताना लोक चुकतात ते घाईत. पहिलं पॅराशूट रॉकेट लक्ष वेधायला, दुसरं थोड्याच वेळात, म्हणजे बघणाऱ्याला दिशा पक्की करता येते. कुणी दिसत नसताना सगळी उडवून टाकू नका. ढग खाली असतील तर सरळ वर न सोडता तिरकं सोडा, नाहीतर उजेड ढगातच गडप होतो. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं की रॉकेट अजिबात नाही. हँड फ्लेअर वारा जिकडे वाहून जातो त्या बाजूला, हात पूर्ण लांब करून, टोक बाहेर झुकवून धरा. वितळलेला रस थेंब थेंब गळतो आणि जाळ्यावर किंवा रबरी डिंगीवर पडला की भोक ठरलेलं. ज्योतीकडे बघू नका, पुढची काही मिनिटं डोळ्यांपुढे अंधारी येते. पेटला नाही तर उलटा करून तोंडाशी बघायचा मोह टाळा. तसाच बाहेर धरून ठेवा आणि मग पाण्याच्या बादलीत टाका.

इशारा उजेडाचाच असतो असं नाही. ज्याला आवाजाचा सिग्नल बघायचाय त्याने रेल्वेकडे बघावं. १८४१ च्या सुमारास एडवर्ड काउपरने रुळावर ठेवायचा, चाकाखाली मोठ्याने फुटणारा डिटोनेटर काढला, आपल्याकडे गँगमन त्याला पटाखाच म्हणतात. चपटी डबी, दोन बाजूंना शिशाच्या पट्ट्या. डबी रुळाच्या माथ्यावर, छापाची बाजू वर ठेवून पट्ट्या खाली दुमडायच्या. पट्टी सैल राहिली तर चाकाच्या धक्क्याने डबी सरकते आणि ती न फुटताच गाडी निघून जाते. ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून ६०० मीटरवर १ आणि १२०० मीटरवर ३, दहा-दहा मीटरच्या अंतराने. तीन अशासाठी, की एखादा फुसका निघाला तरी बाकीचे बोलतात. आवाज आला की चालक गाडी ताब्यात आणतो आणि पुढे दीड किलोमीटर दुसरा फुटला नाही तरच वेग वाढवतो. शीव-ठाण्यापेक्षा उत्तरेतल्या धुक्यात याचा उपयोग जास्त, पण पद्धत सगळीकडे तीच.

तर काकांना सांगा: नवे फ्लेअर जहाजाचं सामान विकणाऱ्या परवानाधारक दुकानातूनच घ्या, घेताना अंगावरची मुदत वाचा, ती साधारण ३ वर्षांची असते. घट्ट झाकणाच्या डब्यात, इंजिनापासून लांब, पण तांडेलाचा (बोट चालवणाऱ्याचा) हात अंधारातही पोचेल अशा जागी ठेवा. फोनला रेंज असेल तिथे तटरक्षक दलाचा १५५४ आधी फिरवा. जुने फ्लेअर वेगळ्या डब्यात, वर ‘मुदत संपलेले’ लिहून, आणि परत घेतात का ते त्याच दुकानात विचारा. खाडीत किंवा कचऱ्यात टाकू नका, आणि ३१ डिसेंबरला मजा म्हणून तर मुळीच पेटवू नका. लाल फ्लेअर दिसला की कुणीतरी खरोखरच बोट काढून शोधायला निघतं.