गणिताच्या एम.एस्सी.तून ‘क्वांट’ होता येते का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. बँका आणि गुंतवणूक संस्थांमध्ये ज्याला ‘क्वांट’ म्हणतात, ते गणिताने किमती आणि जोखीम काढण्याचे काम करण्याची माझी इच्छा आहे. राजारामपुरीत शेअर दलालीचे कार्यालय असलेले माझे मामा म्हणतात, की फंक्शनल अनॅलिसिस आणि टोपॉलॉजी या गणिताच्या अमूर्त शाखांचा बाजाराशी काडीचाही संबंध नाही, त्यापेक्षा एम.बी.ए. कर. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : फंक्शनल अनॅलिसिसबाबत तरी तुमच्या मामांचे म्हणणे मला मान्य नाही. गणिती वित्तशास्त्राचा जो पायाभूत सिद्धान्त मानला जातो तो असे सांगतो, की भांडवल न घालता आणि जोखीम न घेता नफा कमावण्याची संधी, म्हणजे आर्बिट्राज, बाजारात नसेल, तर एक अशी संभाव्यता अस्तित्वात असते, की तिच्या हिशेबाने सर्व रोख्यांच्या वटावलेल्या (व्याजाचा भाग वगळलेल्या) किमती मार्टिंगेल ठरतात, म्हणजे उद्याच्या किमतीची अपेक्षित सरासरी आजच्या किमतीइतकीच असते; आणि ऑप्शनची (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी वा विक्री करण्याच्या हक्काची) किंमत काढायची ती याच संभाव्यतेने. ही संभाव्यता कोठून येते, याचे उत्तर फंक्शनल अनॅलिसिसमधील हान-बानाख प्रमेयात आहे. फुकटच्या नफ्यांचा संच आणि बाजारात प्रत्यक्ष उभे करता येणारे व्यवहार हे दोन बहिर्वक्र (कॉन्व्हेक्स) संच एकमेकांपासून वेगळे करणारे रेषीय फलन सापडते, तेच ही संभाव्यता देते. डेलबान आणि शाखरमायर यांनी १९९४ मध्ये हा सिद्धान्त सतत काळाच्या बऱ्याच व्यापक प्रतिमानांसाठी (मॉडेलांसाठी) सिद्ध केला, तेव्हाही त्यांची साधने मुख्यतः फंक्शनल अनॅलिसिसचीच होती.

जोखीम मोजण्याच्या पद्धतीतही हेच दिसते. बँकांनी बाजार-जोखमीसाठी किती भांडवल राखावे, हे बँकांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या बाझल समितीच्या जुन्या नियमांत ९९ टक्के पातळीवरच्या ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’ने, म्हणजे शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा तोटा ज्याच्या आत राहील त्या आकड्याने, ठरत असे. या मापाचा दोष असा, की दोन गुंतवणुका एकत्र केल्यावर त्यांची मिळून जोखीम सुट्या जोखमींच्या बेरजेपेक्षाही जास्त निघू शकते, जे विविधतेने जोखीम कमी होते या साध्या समजुतीच्या विरुद्ध आहे. आर्ट्झनर, डेलबान, एबर आणि हीथ यांनी १९९९ च्या निबंधात चांगल्या मापाने कोणते गुणधर्म पाळावेत हे गृहीतकांच्या रूपात मांडले. पुढे बाझल समितीनेही ९७.५ टक्के पातळीवरचे ‘एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल’ (सर्वांत वाईट अडीच टक्के प्रसंगांतील सरासरी तोटा) हे माप स्वीकारले, आणि त्याला वरचा दोष लागत नाही. गृहीतकांपासून सुरुवात करून नियमांपर्यंत पोहोचलेला हा विचार गणिताच्या विद्यार्थ्याला चटकन आपलासा वाटतो, आणि ही तुमची खरी मिळकत आहे.

परंतु नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणी हान-बानाखची सिद्धता विचारणार नाही, आणि केवळ ती येते म्हणून काम जमेल असेही नाही. एक उदाहरण घेऊ. निफ्टीतील ५० कंपन्यांच्या परताव्यांच्या कोव्हेरिअन्स मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणते परतावे एकमेकांबरोबर किती हलतात याच्या तक्त्यात, १२७५ वेगवेगळ्या संख्यांचा अंदाज करावा लागतो, आणि वर्षभरात व्यवहाराचे दिवस साधारण २५० असतात. आता ५० ऐवजी ५०० कंपन्या घ्या. अंदाज करायच्या संख्या १,२५,२५० होतात, आणि वर्षभराच्या आकड्यांतून काढलेल्या या मॅट्रिक्सची रँक (एकमेकींपासून स्वतंत्र असलेल्या ओळींची संख्या) २४९ च्या पलीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे तिचा व्यस्त नाही, आणि जोखीम व परतावा यांचा मेळ घालणाऱ्या मार्कोविट्झच्या पद्धतीने गुंतवणुकीची उत्तम विभागणी काढायला नेमका तोच लागतो. संगणक मात्र पूर्णांकनाच्या चुकांमुळे काही तरी उत्तर काढून देतो आणि ते दिसायला व्यवस्थित असते. तुमच्यासारखी विद्यार्थिनी इथे लगेच थबकेल, कारण रँकचा अर्थ तिच्या अंगी मुरलेला आहे. मात्र पुढे काय करायचे, म्हणजे अंदाजाला ठरावीक रचनेकडे किती झुकवायचे, मोजके घटक निवडून मॅट्रिक्स कशी बांधायची, याचे उत्तर संख्याशास्त्रात आहे आणि शुद्ध गणिताच्या अभ्यासक्रमात ते सहसा येत नाही.

त्याहून कंटाळवाणा, पण रोजचा भाग म्हणजे आकडेवारीची साफसफाई. राष्ट्रीय शेअर बाजाराची दैनंदिन भावकॉपी (त्या दिवशीच्या भावांची फाइल) कोणालाही उतरवून घेता येते. तिच्यात एखाद्या कंपनीने एकास एक बोनस (एका शेअरमागे एक मोफत शेअर) दिल्याचा दिवस आला, की भाव जवळजवळ निम्मा दिसतो. ही दुरुस्ती विसरली, तर तुमच्या प्रतिमानाला एका दिवसात पन्नास टक्क्यांची घसरण दिसते आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की एम.एस्सी. सोडू नका, पण तिच्यावर विसंबूनही राहू नका. मेजर थिअरी (मापन सिद्धान्त) मनापासून शिका, कारण संभाव्यतेचा आजचा सारा डोलारा तिच्यावरच उभा आहे. विद्यापीठातच संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तेथील प्राध्यापकांची परवानगी घेऊन काल-श्रेणी (काळानुसार नोंदलेले आकडे) आणि स्टोकॅस्टिक (यादृच्छिकपणे बदलणाऱ्या) प्रक्रिया यांच्या तासांना बसता आले, तर ते कोणत्याही महागड्या शिकवणीपेक्षा मोलाचे ठरेल. ते न जमल्यास याच विषयांवरील आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. पायथन चांगले यायला हवे, आणि जमल्यास सी प्लस प्लसही. भावकॉपीवरून एक छोटा प्रकल्प अगदी शेवटपर्यंत, बोनस आणि शेअर-विभाजनाच्या दुरुस्त्यांसह, स्वतः पूर्ण करा. मुलाखतीत दाखवायला त्याचा उपयोग प्रमाणपत्रांपेक्षा अधिक होतो.

मुलाखतीत सहसा संभाव्यतेची कोडी असतात. नाणे उडवताना सलग दोन छापे येईपर्यंत सरासरी किती वेळा उडवावे लागेल? सहा वेळा. आणि छाप्यानंतर लगेच काटा येईपर्यंत? चार वेळा. दोन्ही जोड्यांची संभाव्यता सारखीच असताना उत्तरे वेगळी का, हे कागद न घेता समजावून सांगता येईपर्यंत अशी कोडी सोडवत राहा.

एम.बी.ए.ने दुसरी दारे उघडतात : कंपन्यांचे ताळेबंद, कर्ज मंजुरी, गुंतवणूक सल्ला. ती कामे चांगलीच आहेत, फक्त तुम्ही विचारलेले काम ते नव्हे. मात्र एक गोष्ट कडू असली तरी सांगतो. या क्षेत्रातील मोठ्या संस्था मुलाखतींसाठी प्रामुख्याने आयआयटी, भारतीय सांख्यिकी संस्था अशा मोजक्या ठिकाणी जातात, आणि कोल्हापुरातून थेट तेथे पोहोचणे अवघड आहे. तुमच्या क्षमतेचा यात काही दोष नाही. त्यामुळे मधली एक पायरी गृहीत धरा : सांख्यिकी संस्थेतील वा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधील पुढचे शिक्षण, विमागणिताच्या, म्हणजे ॲक्च्युअरी होण्याच्या, परीक्षा (त्यांतील ‘सीएम २’ आणि ‘सीएस २’ या पेपरांत ऑप्शनची किंमत आणि मार्कोव्ह प्रक्रिया असे बरेच काही येते), किंवा मुंबई-बंगळूरमधील बँकांच्या केंद्रांत प्रतिमाने तपासण्याचे काम. या शेवटच्या कामाला बाहेर फारसे वलय नाही, पण दुसऱ्याच्या गृहीतकांतील फट शोधणे हेच त्याचे स्वरूप असल्यामुळे गणिताच्या पदवीधराला ते विशेष मानवते असे मला वाटते.

प्रश्न : माझा मुलगा बी.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो मोबाइलवर ऑप्शनचे व्यवहार करतो आणि यातूनच पुढे ‘क्वांट’ होईन, असे म्हणतो. त्याला करू द्यावे का?
— एक पालक, इचलकरंजी

उत्तर : करू देऊ नये. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या दर दहा वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी नऊहून अधिक जणांना आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात तोटा झाला, आणि त्या सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या बाजारात एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा असतो, आणि दलाली व कर दोघांनाही भरावे लागतात. मुलाखत घेणाऱ्याला अशा खात्यातील नफ्या-तोट्यावरून उमेदवाराची पारख करता येत नाही, कारण थोड्या व्यवहारांतील यशात नशीब किती आणि कौशल्य किती, हे वेगळे काढता येत नाही. मुलाला खरोखर ओढ असेल, तर त्याने खाते बंद करून आयआयटीच्या ‘जॅम’ (एम.एस्सी. प्रवेशासाठीची परीक्षा) आणि सांख्यिकी संस्थेच्या एम.स्टॅट. प्रवेशपरीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आताच सोडवायला घ्याव्यात. दुसऱ्या वर्षात असल्यामुळे त्याच्या हाताशी तयारीला पुरेसा वेळ आहे.