पाचव्या महिन्यात मासळी बंद करू का?

प्रश्न: ताई, मी फोंड्याची. पाचवा महिना चालू आहे, हिमोग्लोबिन ९.८ आलंय. सासूबाई म्हणतात, मासळी उष्ण, बाळंतपणापर्यंत नको. मला तर हुमणाशिवाय, म्हणजे माशाच्या आमटीशिवाय, घास उतरत नाही.

उत्तर: मासळी सोडू नकोस गं! बांगडा, तारले आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खा. त्यांत पारा कमी असतो, आणि बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३ भरपूर. मोरी (शार्क) मात्र टाळ. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो. तिसऱ्यो (शिंपल्या) नीट शिजलेल्याच खा.

मला काळजी ९.८ची वाटते. निदान ११ हवं. माझ्या पहिल्या खेपेला मी लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर गिळायचे, महिनाभर आकडा हललाच नाही. चहा लोह अंगी लागू देत नाही. गोळी आणि चहात दोन तास जाऊ देत. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घे. शिवराक (शाकाहारी) दिवशी मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगांची उसळ, कर, सोबत तांबडी भाजी: कोवळ्या देठांसकट बारीक चिरलेली, वर ओलं खोबरं, आणि ताटात वाढल्यावर लिंबू पिळायचं. लिंबामुळे भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं.

पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर ने. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना मासळीचं विचार.