दुसऱ्यासाठी तोटा सोसणारा माणूस अर्थशास्त्राच्या लेखी अविवेकी ठरतो का?

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘विवेकशील’ म्हणजे स्वतःचा फायदा जास्तीत जास्त साधणारा. मग जाणूनबुजून तोटा सोसणारा अविवेकी का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर ‘नाही’ आहे, आणि ते मला घरातच मिळालं.

बाबा संत्र्याचे व्यापारी, माल नागपूरला कळमन्याच्या बाजारात आणायचे. एका वर्षी काटोलकडच्या एका बगीच्यातली मृग बहाराची सगळी फळं त्यांनी तोंडी बोलीवर घेतली, इसार थोडाच दिला. तोडणीच्या तोंडावर गारपीट झाली, निम्मी फळं जमिनीवर आली. इसार सोडून मोकळं होता आलं असतं. बाबांनी ठरलेली सगळी रक्कम दिली.

बाजारातली पत राखायला दिली असेल, असं कुणी म्हणेल. पण तो त्यांचा शेवटचा हंगाम होता, धंदा बंद करायचं आधीच ठरलं होतं. मग दुसरं उत्तर येतं: शब्द पाळण्यातच त्यांना समाधान मिळालं, म्हणजे तोही स्वार्थच. हे मला मुळीच पटत नाही. त्या पैशापायी बाबांना कित्येक रात्री झोप नव्हती. बागवाल्यानंच सौदा मोडला तर बरं, असं ते आईजवळ बोललेही होते.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी 1977 च्या निबंधात नेमका हा फरक मांडला. दुसऱ्याच्या दुःखानं आपण कळवळतो म्हणून मदत करतो, ती सहानुभूती. तिच्यात आपलंही सुख गुंतलेलं असतं. आपलं सुख कमी होणार हे ठाऊक असूनही करतो, ती बांधिलकी. माणूस जे निवडेल त्यालाच त्याचा स्वार्थ म्हटलं, तर कुठलंही वागणं त्यात बसतं आणि सिद्धान्त काहीच सांगत नाही.

स्वार्थ हे अर्थशास्त्राचं पहिलं तत्त्व, असं एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञानं 1881 मध्ये लिहिलं. अर्थशास्त्राचा जनक मानला जाणारा अ‍ॅडम स्मिथ मात्र ग्लासगोत नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. 1776 च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या प्रसिद्ध ग्रंथाआधी, 1759 मध्ये, त्यानं नैतिक भावनांवर ग्रंथ लिहिला. आपल्याच वागण्याकडे तटस्थ साक्षीदाराच्या नजरेनं पाहणारा माणूस त्यात आहे.

आणि मराठी पुस्तकांनी शब्द निवडला तो ‘विवेक’! सारासार ओळखणं म्हणजे विवेक. नुसत्या हिशेबाला आपल्याकडे विवेक म्हणत नाहीत. हिशेब बाबांनीही केला होता, माझ्यासमोर, कागदावर. तोटा किती येतो ते पाहिलं, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि सकाळच्या एसटीनं पैसे द्यायला काटोलला गेले.