कुत्रा सारखा खाजवतो, पंजे चाटतो. ॲलर्जी असेल का?

असू शकते, पण आधी पिसवा बघा. शेपटीच्या मुळाशी काळे कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. लालसर डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा. त्यांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात, म्हणून औषध घरातल्या सगळ्याच प्राण्यांना हवं, आणि अंथरूण गरम पाण्यात धुवा.

पिसवा नसतील आणि पंजे, कान, पोट खाजत असेल तर संशय धूळ, परागकण किंवा खाण्यावर. खाण्याची ॲलर्जी रक्ततपासणीत खात्रीने कळत नाही. ती ओळखायला डॉक्टरांनी ठरवलेला एकच आहार किमान 8 आठवडे द्या, मध्ये बिस्किटाचा तुकडाही नाही (घरच्यांना हे पटवणंच अवघड!). टी ट्री तेल लावू नका, कुत्र्यांना विषबाधा होते. जखम किंवा दुर्गंधी असेल तर आजच दाखवा.